दूध आधी

यॉर्कच्या त्या जुन्या गल्लीत वरचे मजले इतके पुढे झुकलेत, की हात लांबवून समोरच्या खिडकीत चहा देता येतो. टोप्यांच्या दुकानावर राहणारी हेस्टर समोरच्या मेणबत्तीवाल्या म्हाताऱ्या मिसेस पिकरिंगला रोज तसाच कप द्यायची.

आज चहा नवऱ्यानं, वॉल्टरनं केला होता. "दूध आधी घातलंय हं. नाहीतर म्हातारी नाक मुरडते."

मिसेस पिकरिंगनं कप धरला, पण वर पाहिलं नाही. "माफ कर, पोरी. त्यानंच फार गळ घातली."

"कसली गळ?" असं विचारायला हेस्टर नवऱ्याकडे वळली.

मागे मेणबत्त्या टांगलेल्या होत्या. कप तिच्याच हातात होता, आणि हात सुरकुतलेले होते.

समोरच्या खिडकीत वॉल्टर हेस्टरच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. "आता तुला देतो," तो तिला म्हणाला, "दूध आधी, ठाऊक आहे मला," आणि त्यानं खिडकी लावून घेतली.