मुंजाचा कौल

जेसीबी सकाळपासून वळणावर उभा होता आणि त्याच्यापुढं अख्खं गाव. पिंपळाखाली हातभर उंचीचा शेंदरी दगड होता. भागवत मुंजा.

केशरबाईचा भागवत याच वळणावर गेला. मोटरसायकल ट्रकखाली आली. लग्नाआधी गेलेलं पोर मुंजा होतं, त्याला जागा द्यावी लागते, म्हणून तिनं आपल्या हातानं इथं दगड मांडला. हळूहळू गाव त्याला नवस बोलायला लागलं. पण वळण तसंच आंधळं राहिलं आणि भागवतनंतरही तिथं माणसं मरत राहिली. आता कोर्टाचा हुकूम आला होता: रस्ता सरळ करा, दगड हलवा. हा हुकूम गावाला वाचून दाखवणारा कोण, तर पोलीस पाटील सूर्यभान. केशरबाईचा नवरा, भागवतचा बाप. नशिबानं थट्टा करावी तरी किती.

"देवाला हात लावून तर बघा," गावकऱ्यांच्या पुढं उभा असलेला माणिकराव म्हणाला. त्याच्या मागं पोरं धोंडे घेऊन उभी होती. पलीकडं पोलिसांनी गाडीतून काठ्या उतरवल्या.

सूर्यभाननं टोपी सारखी केली. "हुकूम हाय. माझं पोर हाय म्हणून कायदा येगळा व्हत न्हाई." शेवटी शेवटी त्याचा आवाज चिरकला.

अखेर माणिकरावनंच तोड काढली. मुंजालाच विचारा. उजवा कौल दिला तर खुशाल न्या, डावा दिला तर कुणी बोट लावायचं नाही. काम करून घ्यायला आलेल्या तहसीलच्या मॅडम घुटमळल्या. कायद्यात कौल कुठं बसतो? पण केशरबाईच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "लावा मावशी. काम आजच करावं लागंल, तेवढं ध्यानात ठेवा."

केशरबाईनं दगडावर पाणी घातलं. ज्वारीचे दोन दाणे ओल्या शेंदरावर चिकटवले, एक उजवीकडं, एक डावीकडं; जो आधी पडेल तो कौल. वाऱ्यानं पडू नयेत म्हणून भोवती पदर धरला. पदराच्या आत काय चाललंय ते तिच्याशिवाय फक्त तिच्या खांद्याशी उभ्या सूर्यभानला दिसत होतं.

लेकरा, चल घरी, ती मनात म्हणाली.

डावा दाणा पडला.

लहानपणापासून असाच हट्टी. न्हाई म्हणला की न्हाई. तिनं मान वळवून पोरांकडं बघितलं. मिसरूड फुटलेली, भागवतच्याच वयाची. तिनं दोन्ही दाणे मुठीत घेतले आणि उठली.

"उजवा दिला," ती म्हणाली.

पोरांनी धोंडे टाकले. माणिकराव दगडाच्या पाया पडून डोळे पुसत बाजूला झाला. सूर्यभाननं पहारीनं दगड मोकळा केला. मॅडमनी जीप देऊ केली, पण केशरबाईनं दगड पदरात गुंडाळला, कडेवर घेतला आणि चालायला लागली. मागं पिंपळाची फांदी कडकडली. तिनं वळून बघितलं नाही.

वेशीपाशी सूर्यभान तिच्या बरोबरीनं आला.

"डावा पडला व्हता," तो म्हणाला.

"व्हय."

"देवाचं खोटं सांगितलंस. आपल्या लेकराचं."

वजनानं तिची कंबर मोडत होती. तिनं दगड या कडेवरून त्या कडेवर घेतला.

"मोटरसायकल पायजेच म्हणून त्यो अडून बसला, तवा तुमी न्हाई म्हणले व्हते," ती म्हणाली. "आधी लायसन निघू दे म्हणले. मीच त्याचं ऐकलं."