दोन बोटं आत

शिवणकाम करणाऱ्या आईने वर्षभरात लेकाच्या पँटची कंबर कितीदा तरी उसवून सैल केली होती. मनाच्या आजारावरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्याच्या कानात कुजबुजणारी माणसं गप्प झाली, पण पोटात जणू भुकेचा वणवा पेटला. वजन वाढलं, रक्तातली साखरही चढली. डॉक्टरांनी खाणं आवरायला सांगितलं, तेव्हा तिने खाऊच्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि उठता-बसता त्याला टोचत राहिली, "अरे, पोट आहे की विहीर? जरा जिभेवर ताबा ठेव!"

अन् या महिन्यात नवलच घडलं. पोरगा अर्धं ताट तसंच टाकून उठायला लागला, गाल उतरले, पँट ढगळ झाली. आईला आभाळ ठेंगणं झालं.

"शाब्बास माझ्या राजा! मनावर घेतलंस तर काय अवघड आहे?" असं म्हणत तिने कंबर दोन बोटं आत घ्यायला पँट मशीनवर ओढली. खिसा उलटा केला, तर न गिळलेल्या गोळ्या तिच्या मांडीवर सांडल्या.

"यांनीच भूक लागते ना, म्हणून सोडल्या," तो दाराकडे बघत पुटपुटला. मग तिच्या अगदी जवळ सरकला.



"आई, ती माणसं परत आलीत. म्हणतात, तू माझ्या जेवणात विष कालवतेस... खरं नाही ना गं?"