लिडारचं झाकण

"तू ह्या यंत्रावर झाकण लावलंस की पाऊस येतो. काढलंस की जातो. महिनाभर बघतीय मी," ठकूबाई म्हणाली. पठाराखाली तिची भाताची रोपं पावसावाचून पिवळी पडत होती.

"उलटं आहे, मावशी. हे लिडार ढगांवर लेसर सोडून त्यांच्यातली वाऱ्याची घुसळण मोजतं. पावसाचं चिन्ह दिसलं की काच भिजू नये म्हणून झाकतो," संशोधक निशिकांत हसला.

"चोर असंच गोड बोलतो. लाव बघू आत्ता."

आभाळ घासल्या परातीसारखं लख्ख होतं. तरी त्यानं झाकण लावलं. ती यंत्रापाशी वर बघत बसून राहिली. दिवस कलला, पण एकही ढग फिरकला नाही.

शेवटी ती उठली. त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "आज तू मनापासनं न्हाई लावलंस."