औषधी डास

संध्याकाळी नगरपालिकेची गाडी औषधी डास सोडून गेली, तशी हेमांगी भुऱ्याला घेऊन मच्छरदाणीत शिरली. या डासाच्या एका चाव्याने कुत्र्याच्या हृदयातले जंत मरत. पण भुऱ्याचे जंत फार वाढले होते.

"सगळे एकदम मेले तर फुप्फुसात अडकतील, कुत्रा जाईल," डॉक्टर म्हणाले होते. "गोळ्यांनी हळूहळू मारू. तोवर डास चावू देऊ नका."

भुऱ्याच्या कानाशी गुणगुण झाली. हेमांगीने झडप घालून डास चिरडला. तळहाताला रक्त लागलं होतं. कोणाचं?

"हलू नकोस रे राजा," म्हणत ती त्याचा श्वास ऐकत राहिली.

मग तिच्याच मनगटाला खाज सुटली. लाल गांध उठली होती. म्हणजे रक्त तिचंच होतं! ती पाहून हेमांगीला सुटकेचं रडू फुटलं.