परतीची चढाई

अंडाकृती चेंडू बगलेत मारून सुयोग सुटला. पहिल्याला कमरेतून हूल दिली, दुसऱ्याच्या हाताखालून निसटला. कुराडेसर बाकावरून उठले. पोराचे ओठ हलत होते. रग्बी शिकून महिना झाला तरी तोंडात अजून कबड्डी कबड्डीच चालू होतं.

शेवटचं मिनिट. सातही जणांना चुकवून तो रेषेपार गेला. आता चेंडू जमिनीला टेकवला की सामना खिशात. सुयोग मात्र गर्रकन वळला आणि त्याच सात जणांतून वाट काढत, चेंडूसकट मधल्या रेषेवर परत आला. शिट्टी वाजली. सामना गेला.

"अरे, परत कशाला आलास?"

"तुम्हीच शिकवलंय की सर. घरी आलो नाही तर चढाई फुकट."

सरांनी कपाळाला हात लावला. सहा वर्षं हेच तर घोकून घेतलं होतं. जिल्ह्याचा संघ निवडायला आलेले साहेब शेजारीच बसले होते.

"कुराडे," ते हळूच म्हणाले, "जाताना सगळ्यांना चुकवलं. येताना तरी कुणी शिवलं का याला?"

सरांनी आठवून पाहिलं. कुणीच शिवलं नव्हतं.

"मग नाव सांगा पोराचं."