जुनेदचा रोजा

जुनेदचे ओठ हलत होते. खुर्शीदा टीव्हीच्या इतकी जवळ सरकली की आलिमानं तिला खांद्याला धरून मागे ओढलं.

"दुआ मांगून राह्यला का तो?"

"नाही दादी. राष्ट्रगीत आहे त्यांचं. सगळेच म्हणून राह्यले, पाह्य ना."

कॅमेरा एकेका पोराच्या तोंडासमोरून सरकत होता. हिरवे सदरे, गोरी तोंडं, आणि त्यांच्यात एक सावळं, थेट सकलैनच्या नाकाचं. सकलैन हा खुर्शीदाचा धाकटा मुलगा. बायकोला आयर्लंडच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली म्हणून तोही तिकडे गेला, आणि जुनेद तिथेच जन्मला. आज तो त्या देशाकडून पहिल्यांदा फुटबॉल खेळत होता.

"कोनत्या बोलीत हाय ते?"

"आयरिश."

"त्याले येते?"

"येतच असंल. एक शब्द चुकला नाही त्याचा."

खुर्शीदा त्या ओठांकडे पाहत राहिली. त्यांना अरबीचं अलिफ, बे तिनं शिकवलं होतं, फोनवरून, रोज थोडं थोडं. हे कोणी शिकवलं असेल?

शेजारची रुखमाबाई दाराशी पाय पसरून बसली होती. पिंपळगावात मार्चमध्येच ऊन चढलं होतं, आणि संध्याकाळ झाली तरी भिंती गरम होत्या.

"केवढं गवत हाय वो भाभी," ती म्हणाली. "अन् त्याच्यावर पोरं नाचवतात. दोन म्हशी जगल्या असत्या."

आलिमा हसली. खुर्शीदाचं लक्ष नव्हतं. तिला सकाळपासून एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. पोरानं काही खाल्लं का? रमजान चालू होता. फोनवर तिनं त्याला बजावलं होतं, मुसाफिराला रोजा माफ असतो, पोटभर खाऊन, पाणी पिऊन खेळ. तो नुसता हसला होता. "दादी, तुम मॅच देखना," एवढंच म्हणाला होता.

खेळ सुरू झाला. जुनेद रेषेकाठानं धावत होता. एकदा त्यानं चेंडू एकाच्या दोन पायांमधून काढला, दुसऱ्याला चकवलं, आणि सगळं मैदान उभं राहिलं. तेवढ्यात तो आडवा झाला.

"पाह्य! चक्कर आली त्याले!"

"पाडलं त्याला, दादी. उठला पण, पाह्य."

"उपाशी हाय तो. मले माहीत हाय."

"मंग कायले धरला उपास?" रुखमाबाईनं विचारलं. "तुमच्यात सूट नसते का?"

"हाय ना सूट. मुसाफिरले हाय. रोजा मंग कधी बी भरून काढता येते. नमाज बी अर्धी."

"मुसाफिर म्हंजे?"

"जो घर सोडून परमुलखात हाय तो."

रुखमाबाईनं टीव्हीकडे पाहिलं, मग खुर्शीदाकडे.

"पन भाभी, हा तं तिथंच जलमला ना?"

आलिमा मध्येच बोलली.

"उलट इथं आला होता तेव्हा होता तो मुसाफिर. आठ दिवसांसाठी. याच खोलीत नमाजच्या चारच्या जागी दोन रकाती पढून उठला, अन् दादी, तू केवढी ओरडली होती त्याच्यावर!"

"लहान हाय तो. समजत नाही त्याले," खुर्शीदा म्हणाली आणि उगाच पदर सारखा केला.

उन्हाची तिरीप भिंतीवरून गेली. आलिमानं ताटली आणून समोर ठेवली, खजूर, कापलेलं टरबूज, भजी, पाण्याचा तांब्या. खुर्शीदानं एक खजूर उचलून हातात धरला. रोजा सोडायचा भोंगा होईपर्यंत तो असाच धरायचा, ही तिची लहानपणापासूनची सवय.

टीव्हीवर खेळ थांबला. एका खेळाडूच्या पायाला लागलं होतं. डॉक्टर धावत आत गेला, आणि बाकीची पोरं रेषेजवळ जमली. कोणीतरी बाटल्या फेकत होतं. एक जुनेदनं झेलली.

"पी," खुर्शीदा पुटपुटली. "पी माह्या राजा. मी सांगून राह्यली ना."

त्याच वेळी मशिदीचा भोंगा वाजला. बाहेर गल्लीत पोरं ओरडली. तिचा हात हलला नाही.

जुनेदच्या शेजारचा एक लाल केसांचा पोरगा घटाघटा पीत होता. जुनेदनं बाटलीचं झाकण दातांनी उघडलं, मान मागे टाकली आणि पाणी डोक्यावर ओतलं. ते कपाळावरून आलं, नाकावरून आलं, ओठांवरून खाली गेलं. ओठ घट्ट मिटलेले होते. त्यानं तळहातानं तोंड पुसलं, उरलेली बाटली त्या लाल केसांच्या पोराला दिली आणि पुन्हा आत धावत गेला.

"प्याला का?" रुखमाबाईनं विचारलं. तिला लांबून नीट दिसत नव्हतं.

"नाही."

"म्हंजे ऐकलं नाही म्हना तुमचं."

"दादी, भोंगा होऊन गेला," आलिमा म्हणाली. "रोजा खोल ना."

खुर्शीदानं हातातल्या खजुराकडे पाहिलं. मग खाली त्या जागेकडे, जिथे त्या दिवशी नमाजासाठी त्याची जानमाज अंथरलेली होती.

"काऊन ऐकंल?" ती रुखमाबाईला म्हणाली. "घरी हाय तो."

तिनं खजूर तोंडात टाकला. पडद्यावर अजून भर दुपार होती.