शेजारच्या सीटवरचा ब्रेक

"ऑटोमॅटिक एकही शिल्लक नाही," श्रीपाद म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप लांब सरकवला.

जुलैच्या त्या आठ दिवसांत फ्लोरेन्सला भाड्यानं मिळणारी प्रत्येक गाडी गिअरची होती. आणि श्रीपाद गाडी शिकला अकरा वर्षांपूर्वी रियाधमध्ये, तिशी उलटल्यावर. इथे दांडा एकदा 'डी'वर टाकला की खलास, सरळ रस्ता आणि एकशेवीसचा वेग. बँकेची सगळी सिस्टिम सांभाळणाऱ्या या माणसाला क्लच फक्त ऐकून माहीत होता.

एरवी तयारीत तो कुठे कमी पडला नव्हता. दोन महिने एक्सेलची फाइल करत होता. इटलीत नाश्त्यानंतर दुधाची कॉफी मागितली की वेटर बघतच राहतो. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकायचे. दुपारी दुकानं बंद. "यात नवीन काय? आपण राहतो कुठे?" असं त्यावर अनुराधा म्हणाली होती. ड्रायव्हिंगला तर वेगळं पान होतं. जुन्या गावांच्या मधोमध बाहेरच्या गाड्या घालायच्या नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो. हायवेची डावी लेन फक्त ओव्हरटेकला. टेकडीच्या अरुंद रस्त्यावर वळणाआधी हॉर्न द्यायचा. सगळं सगळं लिहिलं होतं बिचाऱ्यानं, गिअरची ओळ तेवढी राहिली.

आणि गाडीशिवाय तर चालणारच नव्हतं. ऑलिव्हच्या बागेतलं, टेकडीवरचं एक घर त्यांनी तीन रात्रींसाठी घेतलं होतं. ते अनुराधानं निवडलं होतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. तिथे बस जात नव्हती.

"ते घर रद्द करू या," श्रीपाद तिच्याकडे न बघता म्हणाला. "रोमलाच राहू सगळे दिवस. मेट्रो आहे."

अनुराधा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातली घडी पुरी केली.

"मी चालवेन," ती म्हणाली.

तेरा वर्षांच्या अनुष्कानं फोनमधून मान वर काढली. "मम्मा, आर यू सीरियस?"

श्रीपादला हसू आलं. माणूस वाईट नव्हता हो, पण या बाबतीत त्याचं मत पक्कं होतं. शेजारच्या सीटवर बसली की अनुराधाचा डावा पाय खाली दाबला जायचा. सिग्नल आला की दाब, वळण आलं की दाब. तायफचा घाट उतरताना तर पायाला उसंत नव्हती. 'आमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक माझा आणि एक हिचा,' हा विनोद त्यानं रियाधच्या प्रत्येक मराठी घरात ऐकवला होता. बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा तिनंही मैत्रिणींबरोबर लायसन्स काढलं. पण किल्ली त्यानं कधी दिली नाही. इतकी घाबरट बाई रियाधच्या ट्रॅफिकमध्ये कशी घालायची? काळजीपोटीच म्हणायचा तो. तीही कधी भांडली नाही. लायसन्स ड्रॉवरमध्ये पडून राहिलं.

"बाबांचा टेम्पो चालवायचे मी," ती आता म्हणाली. "बिस्किटांचा माल घेऊन. गडहिंग्लज ते सावंतवाडी, आंबोलीच्या घाटातून."

हे त्यानं बघण्याच्या कार्यक्रमात ऐकलं होतं. मुलगी भरतकाम करते, पेटी वाजवते, टेम्पोसुद्धा चालवते. सगळे हसले होते. बाकी दोन गोष्टींसारखीच तीही त्यानं तिथेच सोडून दिली होती.

शुक्रवारी सकाळी तो तिला अल सुलैला, शहराच्या गोदामांच्या भागात घेऊन गेला. तिथे त्याच्या ओळखीचे रत्नागिरीचे जमालुद्दीन एका गोदामाचं काम बघायचे. त्यांच्याकडे गिअरचा जुना पिकअप होता आणि सुट्टीमुळे आवार मोकळं होतं. एकदा गाडी बंद पडली, दोनदा पडली की हिचं हिलाच कळेल, असा श्रीपादचा हिशेब.

"गेट लावलंय वहिनी. बिनधास्त चालवा," जमालुद्दीन म्हणाले.

अनुराधा बसली. गिअर टाकायला तिनं डावा हात नेला आणि तो दारावर आपटला. गावाकडच्या टेम्पोत गिअर डाव्या हाताला असायचा. ती स्वतःशीच हसली, उजवा हात दांड्यावर ठेवला आणि पिकअप निघाला. एकदा आचका बसला, तेवढाच. मग कंटेनरच्या दोन रांगांमधून तिनं तो वळवला आणि माल चढवायच्या उतारावर घातला. अर्ध्या चढावर थांबवला आणि तिथूनच पुन्हा उचलला. गाडी इंचभरही मागे आली नाही.

"या तर उस्ताद निघाल्या," जमालुद्दीन खालून म्हणाले.

श्रीपाद आयुष्यात पहिल्यांदा तिच्या शेजारच्या सीटवर बसला होता. उताराच्या टोकाशी गोदामाची भिंत अंगावर येत होती. अनुराधानं वेग कमी केला, गिअर बदलला आणि भिंतीला वळसा घालून गाडी बाहेर काढली.

"ब्रेक मारताय?" तिनं रस्त्यावरून नजर न हलवता विचारलं.

त्यानं खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय जमिनीत रुतला होता. तो ओशाळला.

"मारतोय खरा," तो म्हणाला. "तू अकरा वर्षं मारतेस तसाच."

"मी कधी मारला?"

पुढचं वळण आलं. तिचा डावा पाय खाली दाबला गेला आणि अलगद वर आला. तो दाब, ती लय श्रीपादच्या चांगली ओळखीची होती. फक्त त्या पायाखाली आज क्लच होता.

"अहो, ब्रेक उजव्या पायाला असतो," अनुराधा म्हणाली. "मी तुमच्या शेजारी बसून गिअर बदलत होते."